बिजागरीच्या भोकातून पाहिलेलं इंटिरिअर पॅकेज

बाणेर-वाकडला, घोडबंदर रोडला किंवा नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅटची किल्ली हातात पडली की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. ‘टू-बीएचकेचं संपूर्ण इंटिरिअर, ४५ दिवसांत, १० वर्षांची वॉरंटी.’ पॅकेजात साधारण सगळीकडे हेच असतं: मॉड्यूलर किचन, दोन वॉर्डरोब, टीव्हीची भिंत, बॉक्स बेड, चपलांचं कपाट, हॉलला फॉल्स सीलिंग आणि रंग. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या पॅकेज नावाच्या मालाचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. यातले वॉर्डरोब घ्यावेत, किचन अर्धं घ्यावं आणि बाकीचं सोडून द्यावं.

कारखान्यात बनलेला माल वाईट असतो असं नाही. उलट काही गोष्टी जागेवर काम करणारा सुतार कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून तशा होत नाहीत. पॅनेल सॉवर, म्हणजे फळ्या कापायच्या मोठ्या यंत्रावर, कापलेली फळी काटकोनात असते. बिजागरीचं ३५ मिमी व्यासाचं भोक प्रत्येक शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, एकाच अंतरावर पडतं. आणि मुख्य म्हणजे कडेची पट्टी, म्हणजे एज बँड, यंत्रावर गरम गोंदाने दाबून बसते. जागेवर हाताने चिकटवलेली पीव्हीसी पट्टी दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून उचलायला लागते. म्हणून तर जुने सुतार कडेला सागवानी लिपिंग, म्हणजे लाकडाची बारीक पट्टी, मारून पॉलिश करतात. ते टिकतं आणि दिसायलाही छान असतं, पण त्याला वेळ आणि मजुरी दोन्ही लागतात. पॅकेजवाल्याकडे यंत्र आहे, त्याचा फायदा घ्यायचा. फक्त यंत्रावर कापलं काय जातं, ते बघायचं.

शोरूममध्ये शटरचा रंग आणि हँडल सोडा. एक शटर पूर्ण उघडा आणि तिथल्या माणसाला बिजागरीचे दोन स्क्रू काढायला सांगा. बिजागरीची वाटी बाहेर आली की मागे जे गोल भोक दिसतं, त्यात त्या फळीचं सगळं आयुष्य लिहिलेलं असतं. आडवे-उभे थर दिसले तर प्लाय. बारीक, घट्ट, फिकट तपकिरी किंवा हिरवट रंगाचा एकजीव भुसा दिसला तर एमडीएफ (दाबलेल्या लाकूडतंतूंची फळी) किंवा त्याचाच जास्त घट्ट, ओल सोसणारा प्रकार एचडीएचएमआर. ढलप्यांचे तुकडे दिसले आणि बोट फिरवल्यावर चुरा हाताला लागला, तर ते पार्टिकल बोर्ड. विक्रेता स्क्रू काढायला तयार नसेल तर सिंकखालच्या कपाटात टॉर्च मारून पाइपसाठी पाडलेलं भोक पाहा. तिथे सहसा कुणी पट्टी लावलेली नसते.

पार्टिकल बोर्ड सरसकट टाकाऊ नसतो. कोरड्या बेडरूममधल्या आतल्या फळ्यांना प्रीलॅमिनेटेड, म्हणजे कारखान्यातच लॅमिनेट चढवलेला, बोर्ड पुरतो. तो बिघडतो दोन ठिकाणी: जिथे पाणी लागतं आणि जिथे स्क्रू पुन्हा पुन्हा काढावा लागतो. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, आणि एकदा फुगला की सुकल्यावरही पहिल्या जाडीवर येत नाही. मरीन प्लायला पाण्याचा त्रास कमी, कारण त्याचा गोंद वेगळा. आयएस ७१० या मरीन प्लायच्या मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याच्या जोडाची परीक्षा घेतात. आयएस ३०३ मधली एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड ही फक्त दमट हवेपुरती आहे, पाण्यासाठी नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. फळीवर आयएसआय चिन्ह, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि मानकाचा आकडा, असा शिक्का हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला की कुठल्या कारखान्याचा परवाना आहे ते कळतं. नुसतं ‘७१०’ छापलेल्या, पण आयएसआय चिन्ह नसलेल्या फळ्या बाजारात ढिगाने आहेत. तो फक्त एक आकडा असतो, त्याच्यामागे परवाना नसतो.

त्याहून सोपी परीक्षा घरच्या बादलीत होते. ज्या फळीतून तुमचं काम होणार तिचा वीतभर तुकडा मागून घ्या, जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. तुकडा द्यायला टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समजा.

आता कोटेशन. पॅकेजचा भाव ‘चौरस फुटाला’ असतो, पण तो समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा. सात फूट रुंद आणि सात फूट उंच वॉर्डरोब म्हणजे ४९ चौरस फूट. उदाहरणापुरता भाव १,५०० रुपये धरला तर ७३,५०० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८६,७३०. यात बहुधा आतले ड्रॉवर नसतात, वरचा लॉफ्ट वेगळा, हँडल वेगळं, भिंतीलगतची भरणीची पट्टी वेगळी. आता तेच कपाट प्लायच्या हिशोबात मांडू. दोन फूट खोलीच्या चार उभ्या फळ्या ५६ चौरस फूट, वरची-खालची मिळून २८, आतले दहा कप्पे ४६, शटर ४९. बेरीज १७९. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे कापणीतली नासाडी धरून १८ मिमीच्या सहा ते साडेसहा शीट, आणि पाठीला ६ मिमीच्या दोन. या आकड्याला आपल्या गावातल्या प्लायच्या भावाने गुणा, त्यात सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकायचे रूळ) आणि सुताराची मजुरी मिळवा. पॅकेज महाग आहे की रास्त, हे मग दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

या गणितात एक मेख आहे. सुतार चार उभ्या फळ्यांत तीन खण करतो, तर कारखाना तीन वेगळे बॉक्स करतो, म्हणजे सहा उभ्या फळ्या. प्रत्येक जोडावर १८ मिमीऐवजी ३६ मिमी जातात. शिवाय बॉक्सच्या रुंदी ठरलेल्या असतात, ४५०, ६००, ९०० मिमी अशा. सात फूट म्हणजे २,१३४ मिमी. त्यात ९००, ६०० आणि ६०० बसवले तर ३४ मिमी उरतात आणि पट्टीत छान झाकले जातात. पण डिझायनरने घाईत ९०० चे दोनच टाकले, तर एक फुटाहून जास्त जागा ‘डमी’ पॅनेलच्या मागे कायमची बंद होते, आणि दराप्रमाणे तिचेही पैसे लागतात. ड्रॉइंगवर ‘फिलर’, म्हणजे भरणीची पट्टी, हा शब्द शोधा. ५० मिमीपेक्षा मोठा फिलर दिसला की कारण विचारा.

बेडरूम दहा बाय अकराची असेल तर आणखी एक मोजमाप. दहा फुटांच्या भिंतीला वॉर्डरोब लावला आणि पलंगाचं उसं समोरच्या भिंतीला ठेवलं, तर अकरा फुटांतून वॉर्डरोबचे दोन फूट आणि पलंगाचे पावणेसात वजा जाऊन मध्ये सव्वादोन फूट राहतात. इथे दीड फुटाचं शटर उघडून माणूस उभा राहू शकतो, दोन फुटांचं उघडलं तर आधी पलंगावर बसावं लागतं. विक्रेता इथे स्लायडिंग सुचवतो. स्लायडिंगचे रूळ तीन-चार इंच खोली खातात, त्यामुळे हँगर आडवा बसायला बॉक्सची खोली वाढवावी लागते, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. अरुंद शटर, जास्त संख्येने, हाच तोडगा बरा. सात फुटी शटरला चार बिजागऱ्या लागतात. कोटेशनमध्ये तीन असतील तर वर्षभरात शटर खालच्या कोपऱ्यात घासायला लागेल. ‘ब्रँडेड हार्डवेअर’ या शब्दांवरही थांबू नका. हेटिक, हाफेले, ब्लूम, एब्को या सगळ्यांच्या साध्या आणि वरच्या अशा अनेक मालिका असतात, तेव्हा मालिकेचं नाव आणि नगांची संख्या कागदावर हवी.

मुंबई-कोकणात वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला लावावाच लागला तर पाठीमागे इंचभर फट सोडा आणि खाली लाकडी पाटाऐवजी प्लास्टिकचे चार इंची पाय घ्या. ओल आणि वाळवी दोन्ही खालून येतात. पायांवर उभं असलेलं कपाट पुढची पट्टी काढून तपासता येतं.

किचनवर जरा जास्त थांबायला हवं, कारण पॅकेजमधली सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते. आपल्याकडे बिल्डर बहुधा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइटचा ओटा बांधून देतो. पॅकेजवाला पहिली गोष्ट सांगतो ती ही की हा ओटा तोडा, आपण खाली बॉक्स लावू. ओट्याला तडा नसेल आणि उंची जमत असेल तर अजिबात तोडू नका. कडप्प्याला पाण्याची भीती नाही, वाळवी नाही, तो फुगत नाही. त्यात स्टीलच्या ट्रॉल्या बसवून तोंडाला शटर लावलं की बाहेरून ते ‘मॉड्यूलर’च दिसतं. सिंकखाली लाकूडच नसल्यामुळे निम्मी दुखणी जन्मालाच येत नाहीत. पॅकेज अर्धं घ्या म्हटलं ते यासाठी: ओट्यावरची कपाटं आणि शटर कारखान्याकडून, ओट्याखालच्या ट्रॉल्या गावातल्या ट्रॉलीवाल्याकडून.

ट्रॉलीवाला मात्र मापाला पक्का हवा. टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना साधारण १३ मिमी जागा घेतो, म्हणून ट्रॉली खणापेक्षा २६ मिमी अरुंद लागते. कडप्प्याच्या फळ्या कधीच अगदी ओळंब्यात नसतात. खणाची रुंदी पुढे-मागे आणि वर-खाली मोजून सगळ्यात कमी असेल ती धरायची, आणि उरलेला फरक चॅनेलमागे पॅकिंग देऊन काढायचा. फक्त पुढून माप घेतलं की ट्रॉली अर्ध्यात अडते, मग कारागीर ती धक्के मारून बसवतो आणि सहा महिन्यांत चॅनेलच्या गोळ्या बाहेर येतात.

स्टील ३०४ ग्रेडचं मागा. त्याची लोहचुंबकाने परीक्षा घेतात, ती फसवी आहे. ३०४ आणि स्वस्त २०२ या दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. दुकानदार आत्मविश्वासाने चुंबक लावून दाखवतो, त्यातून एवढंच सिद्ध होतं की ते साधं लोखंड नाही. फरक ओळखायला बॅटरीवर चालणारं रसायनाच्या थेंबाचं किट मिळतं, २०२ वर थेंबाचा रंग लाल होतो. तेही नसेल तर बिलावर ‘एसएस ३०४’ लिहून घ्या. समुद्राकाठच्या हवेत २०२ ला गंज चढतो तो आधी वेल्डिंगच्या ठिपक्यांवर.

खणातली उंची भांड्यांवरून ठरवा, कॅटलॉगवरून नाही. ओटा ३४ इंच, त्यातून खालचे चार आणि दगडाचा एक वजा केला की २९ इंच हातात राहतात. बारा इंची ताट उभं ठेवायचं तर तेरा इंच मोकळे लागतात, म्हणून सगळ्यात खालची ट्रॉली १४ ची, मधली वाट्या-भांड्यांची ९ ची आणि वर चमचे-उलथन्यांची ६ ची. पॅकेजमध्ये सहसा तिन्ही जवळपास सारख्या येतात. मग ताटं आडवी एकावर एक रचली जातात आणि खालचं काढायला वरची सगळी उचलावी लागतात. ओट्याची उंचीही जी बाई किंवा जो बापया रोज स्वयंपाक करतो त्याच्या कोपरावरून काढायची: उभं राहून हात काटकोनात धरला की कोपर जिथे येतं, त्याच्या चार ते सहा इंच खाली. पोळ्या लाटताना वरून दाब द्यावा लागतो, त्यामुळे एखादा इंच कमी चालेल, जास्त नको. वरची कपाटं ओट्यापासून किमान २० इंचांवर ठेवा, नाहीतर मिक्सरवर मोठं भांडं चढवल्यावर झाकण काढता येत नाही.

गॅसचं कोटेशनमध्ये कुणीच बोलत नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्या कपाटाच्या शटरला तळाशी जाळी हवीच. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर चढतो, त्याला वरच्या बाजूला वाट हवी. मीटर आणि बंद करायची चावी कुठल्याही शटरमागे सीलबंद करू देऊ नका. आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंच्या शटरांना मेंब्रेन फॉइल, म्हणजे वर चिकटवलेलं पातळ प्लास्टिक, नको. वाफ आणि उष्णतेने ती कडेला सुटते, नंतर सालीसारखी निघते. तिथे १ मिमी लॅमिनेट लावा, रंग कितीही साधा असो.

आता जे सोडायचं ते. टीव्हीची पूर्ण भिंत पॅनेलने झाकणं हा पॅकेजमधला सगळ्यात फोटोजेनिक आणि सगळ्यात निरुपयोगी प्रकार. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर ओल आली कधी, हे पॅनेलला बुरशी लागेपर्यंत कळणार नाही. रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. भिंत झाकून टाकली की दोष दिसत नाही, दिसला तरी आधी पॅनेल काढायचा खर्च तुमचा. भिंतीत ५० मिमीचा एक पाइप टीव्हीच्या मागून खालपर्यंत पुरून घ्या, वायरी त्यातून जातील. खाली दीड फूट खोलीचं बैठं कपाट पुरे. आणखी एक कारण आहे. वन रूम किचन असो की टू-बीएचके, हॉलमधली तीच एक भिंत गणपतीची असते. चार फूट बाय तीन फूट जागा आणि मखराच्या दिव्यांसाठी कमरेएवढ्या उंचीवर एक प्लग पॉइंट, एवढं सोडलं तर भाद्रपदात सोफा ओढत बसावं लागत नाही.

फॉल्स सीलिंग हॉलच्या कडेकडेने, दीड-दोन फुटांचं, दिवे लपवण्यापुरतं ठीक. पूर्ण छताचं कशाला? एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, जिप्समच्या आत बंद केला की तो बिघडल्यावर छत फोडावं लागतं. ड्रायव्हर लॉफ्टमध्ये किंवा उघडता येईल अशा झाकणाखाली ठेवा. दिव्यांचा रंग खोलीप्रमाणे बदला: बसण्या-झोपण्याच्या जागी ३००० केल्विनचा पिवळसर, ओट्यावर ४००० चा. पॅकेजमध्ये सगळीकडे ६५०० चे निळसर-पांढरे दिवे लागलेले आढळतात, आणि सहा लाखांचं फर्निचर दवाखान्यासारखं दिसतं. ओट्यावरची पट्टी वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेला लावायची. मागे लावली तर टाइल चमकते आणि कांदा चिरणाऱ्याच्या हातावर अंधार पडतो.

घराला ऊब येते ती पॅकेजच्या यादीत नसलेल्या वस्तूंनी. आजोबांचं सागवानी कपाट ‘मॅचिंग नाही’ म्हणून भंगारात निघतं आणि त्याच्या जागी पार्टिकल बोर्डाचा चपलांचा स्टँड येतो, हा सौदा कुणी करू नये. जुन्या सागाला वाळवी नसेल तर घासून, मेलामाइन पॉलिश करून, बिजागऱ्या बदलून ते पुढची पिढी बघतं. पूर्ण कपाट बसत नसेल तर त्याची दारं नव्या बॉक्सला लावता येतात, फक्त बॉक्स त्या दारांच्या मापाने करायचा. झोपाळा हवा असेल तर तो सीलिंग ठरवण्याच्या आधी ठरवा. हूक बीममध्ये घ्यायचे, पातळ स्लॅबमध्ये नाही, आणि सोसायटीच्या इंजिनिअरला जागा दाखवून.

देवघराचं उदाहरण तर पाहण्यासारखं आहे. पॅकेजमधलं देवघर म्हणजे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कोरलेली ओमची जाळी, मागे पिवळी पट्टी, आणि दीड फूट उंच कप्पा. त्यात निरांजन लावलं की महिनाभरात वरच्या फळीला काळा वर्तुळाकार डाग पडतो, मग लॅमिनेटला फुगवटा येतो, कारण खालचा गोंद उष्णतेने सुटतो. तळाला आणि पाठीला ग्रॅनाइटचा किंवा टाइलचा तुकडा लावा, ज्योतीच्या वर किमान दीड फूट मोकळं ठेवा, दार लावायचं तर दिवा शांत झाल्यावर लागेल असं. मूर्तींच्या कप्प्याखाली चार इंची ड्रॉवर घ्या, त्यात वाती, काडेपेटी, तेलाची बाटली. त्याच्या वर बाहेर सरकणारी एक फळी, ताम्हन आणि फुलांची परडी ठेवायला. ही फळी नसते म्हणून रोज पूजेचं पाणी शटरवरून ओघळतं.

४५ दिवसांबद्दल. हे दिवस बुकिंगपासून मोजले जात नाहीत, अंतिम ड्रॉइंगवर सही आणि दुसरा हप्ता यानंतर मोजले जातात. ड्रॉइंगलाच तीन आठवडे सहज जातात. अंतिम माप टाइल आणि गिलावा पूर्ण झाल्यावर, प्रत्येक भिंतीचं तीन उंचींवर घेतलेलं असावं. बिल्डरच्या नकाशावरून काढलेलं चालत नाही. हप्ते साधारण १०, ५० आणि ४० टक्के असे असतात, आणि शेवटचे ४० टक्के, माल कारखान्यातून निघायच्या आधी मागतात. म्हणजे पहिला बॉक्स घरात यायच्या आत तुमच्याकडून सगळं गेलेलं असतं. त्यातले किमान पाच टक्के काम पूर्ण झाल्यावर देण्याचं करारात लिहून घ्या. यावर घासाघीस होते, आणि बऱ्याचदा जमतं. वॉरंटीचा कागदही तेव्हाच वाचायचा. ‘१० वर्षं’च्या खाली बारीक अक्षरात पाणी, वाळवी आणि ओल वगळलेली असतात, म्हणजे महाराष्ट्रात फर्निचर ज्या तीन कारणांनी जातं तीच.

ताबा घेताना प्रत्येक शटर दोनदा उघड-बंद करा, ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून तिच्यात दहा किलोची पिठाची पिशवी ठेवून बघा, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरा. मग लॅमिनेटचा कंपनी क्रमांक लिहून घ्या, उरलेल्या लॅमिनेटचा एखादा फूटभर तुकडा, हातभर एज बँड आणि चार जास्तीच्या बिजागऱ्या मागून घेऊन माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तो रंग बंद झालेला असतो.